जुनी आवृत्ती वाचायला गोड लागते, टेबलावर मात्र पात्रं मरतात

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, कारण त्यात दोन प्रश्नांचा गुंता झाला आहे. तुमचा जन्म १९९९ चा. चार वर्षं तुम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' या टेबलावर बसून पात्रं वठवायच्या खेळाच्या पाचव्या आवृत्तीत डीएम, म्हणजे खेळ चालवणारे, आहात आणि पाच जणांचा पक्का ग्रुप आहे. मध्यंतरी १९८१ च्या बेसिक पुस्तकाची पीडीएफ घेतली, एका रात्रीत वाचून काढली. मग त्याचा पुढचा भाग एक्स्पर्ट, मग १९७९ ची डंजन मास्टर्स गाइड. हौसेने ग्रुपला बेसिक खेळायला बसवलं, तर पहिल्याच तासात पाचातली तीन पात्रं मेली. एक जण चिडून उठला आणि जाताना 'तुला नुसतं जुनं ते सोनं वाटतं' असं सुनावून गेला. आता तुम्ही विचारताय की ही आवड खरी आहे की न जगलेल्या काळाची हुरहुर, आणि खरी असेल तर कुठली आवृत्ती घेऊन पुन्हा सुरुवात करावी.

आवृत्तीचा प्रश्न सोपा आहे, त्याकडे नंतर येतो. माझ्या मते त्या रात्री गडबड झाली ती वेगळीच. पुस्तक तुम्ही जुनं उघडलंत, पण खेळलात पाचवी आवृत्तीच. हे इतक्या खात्रीने म्हणतोय कारण मीही नेमकं हेच केलं होतं.

१९९८ मध्ये मी शिकायला अमेरिकेत मॅडिसनला गेलो. तिथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात १९८३ चा लाल डबा मिळाला, लॅरी एलमोरच्या ड्रॅगनचं चित्र असलेला. डब्याचा कोपरा फाटलेला, फाशांपैकी दोन गायब. ज्या लेक जिनिव्हा गावात हा खेळ पहिल्यांदा छापला गेला ते तिथून गाडीने दीड-एक तासावर, म्हणून एका शनिवारी मुद्दाम गेलो. पाहिलं तर तळं, होड्या आणि सुट्टीवर आलेले शिकागोकर. हा खेळ काढणारी टीएसआर कंपनी आदल्याच वर्षी विझार्ड्स ऑफ द कोस्टने विकत घेतली होती आणि कामकाज पार पश्चिम किनाऱ्यावर हललं होतं. मी प्रत्यक्ष खेळायला शिकलो तो २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीवर. म्हणजे लाल डब्याची हुरहुर मलाही बालपणातून आलेली नाही. मी तो हातात घेतला तेव्हा चोविसाव्या वर्षी एमएसचा विद्यार्थी होतो. तेव्हा जन्मसालाचा मुद्दा सोडून द्या. १९८१ मध्ये न जन्मलेल्या माणसाला १९८१ चं पुस्तक आवडण्यात खोटं काही नाही.

पुण्याला परत आल्यावर २०११ मध्ये पहिल्यांदा एक्क्याऐंशीचं बेसिक चालवलं. खेळाडू सगळे तिसऱ्या आवृत्तीत मुरलेले. दुसऱ्या खोलीत सहा गॉब्लिन ठेवले होते. दार उघडलं, मी म्हणालो 'इनिशिएटिव्ह टाका' (आधी वार कुणाचा, त्याचा फासा), आणि गॉब्लिन शेवटचा पडेपर्यंत लढले. पार्टीतली, म्हणजे खेळाडूंच्या टोळीतली, चार पात्रं मेली. मी दोष पुस्तकाला दिला आणि ते कपाटात गेलं ते वर्षभर तिथेच.

नंतर पुन्हा वाचताना लक्षात आलं की मी चार गोष्टी गाळल्या होत्या, आणि या चार गोष्टी म्हणजेच तो खेळ होता.

पहिली, रिअ‍ॅक्शन. प्राणी समोर आला की लगेच लढाई नाही, काय करणार ते आधीच ठरलेलं नसेल तर दोन फासे टाकायचे. बेरीज २ आली तरच तत्काळ हल्ला, म्हणजे छत्तीसात एकदा. ३ ते ५ आली तर शत्रुत्व, हल्ला होऊ शकतो. ६ ते ८ मध्ये समोरचा बुचकळ्यात, आणि त्याच्या वर बोलणं शक्य. चारापैकी जवळजवळ तीन वेळा तुमच्या पार्टीला बोलायला, लाच द्यायला, खोटं सांगायला किंवा मागच्या पावली निघून जायला वाव असतो. मी सहाही गॉब्लिनांसाठी मनातल्या मनात २ टाकला होता.

दुसरी, मोराल, म्हणजे समोरच्यांची हिंमत. त्यांच्यातला पहिला मेला की एकदा आणि निम्मे पडले की एकदा, पुन्हा दोन फासे. बेरीज त्यांच्या आकड्याच्या वर गेली की ते पळतात किंवा शरण येतात. ऑर्कचा आकडा ८, गॉब्लिनचा ७, कोबोल्डचा ६. म्हणजे एक कोबोल्ड पाडलात की उरलेले पळण्याची शक्यता निम्म्याहून जास्त. सांगाडे आणि झाँबी यांचा १२, ते कधीच पळत नाहीत, आणि म्हणूनच भीतिदायक. मोराल गाळलं की प्रत्येक कोबोल्ड सांगाड्यासारखा वागतो, आणि चार-पाच हिट पॉइंट (मार झेलायची ताकद) असलेला फायटर त्यापुढे टिकत नाही.

तिसरी गोष्ट सोन्याची, आणि हिच्यावर मी जरा रेंगाळणार आहे कारण माझं प्रेम इथेच बसलेलं आहे. एक्क्याऐंशीच्या नियमांत सुखरूप बाहेर आणलेल्या एका सोन्याच्या नाण्याला एक एक्सपी, म्हणजे पात्राची पातळी वाढवणारा अनुभवाचा गुण. ऑर्क मारल्याबद्दल दहा. आता हिशेब करा. दहा ऑर्क जिवावर उदार होऊन मारले तर शंभर एक्सपी, पाच जणांत प्रत्येकी वीस. फायटरला दुसऱ्या पातळीसाठी २,००० लागतात, एल्फला तर ४,०००. त्याच ऑर्कांची हजार नाण्यांची थैली त्यांना न जागवता लांबवली तर प्रत्येकी दोनशे. मारामारी हा तोट्याचा धंदा आहे हे पुस्तक उपदेश न करता नुसत्या आकड्यांनी सांगतं. खेळाडूंना हे उमगायला माझ्या अनुभवात दोन ते तीन सेशन लागतात. चौथ्या सेशनला ते दाराला कान लावून बसलेले असतात.

पण थैली उचलायचीही आहे. वजन नाण्यांत मोजतात, दहा नाणी म्हणजे एक पौंड. चारशेपर्यंत ओझं असेल तर दहा मिनिटांच्या एका टर्नमध्ये १२० फूट चालता येतं. आठशेच्या वर गेलं की फक्त ३०. आणि तांब्याचं नाणं सोन्याच्या नाण्याइतकंच जड, किंमत मात्र शंभरावा हिस्सा. माझ्या टेबलावर एकदा दोन हजार तांब्याची नाणी सापडली. वीस एक्सपीसाठी दोनशे पौंड! त्यावर अर्धा तास वाद झाला. तो मी कधीच लिहून ठेवलेला प्रसंग नव्हता, तो नियमांनी घडवला.

चौथी, घड्याळ. दर दोन टर्नला एक सहा-बाजूंचा फासा, १ आला की कुणीतरी भटकत येणार. मशाल सहा टर्न जळते. दर सहा टर्नांतली एक विश्रांतीची. वर सांगितलेलं ओझं घेऊन २४० फुटांचा बोळ ३० फुटांच्या चालीने पार करायचा तर आठ टर्न, म्हणजे चार वेळा तो फासा पडणार, आणि चारांत एकदा तरी १ येण्याची शक्यता निम्म्याहून किंचित जास्त. मध्ये मशाल विझते ती वेगळीच. रिकाम्या हाताने हेच अंतर दोन टर्नांत संपतं. सह्याद्रीत भटकणाऱ्यांना हे समजवावं लागत नाही: पाणी किती उरलं, टॉर्चची बॅटरी किती, अंधाराच्या आत खाली पोचतो का. माझ्या ग्रुपमध्ये ट्रेक करणारे दोघे आहेत. पाचव्या आवृत्तीत ते झोपाळलेले असायचे, या खेळात सगळ्यात आधी तयार झाले ते तेच.

या चार गोष्टी एकमेकींना धरून उभ्या आहेत. एक काढली की बाकीच्या कोसळतात, आणि उरतं ते फक्त 'पात्रं लवकर मरतात'. नव्या आवृत्त्यांनी पात्रं बळकट केली, त्यामागे त्यांचं स्वतःचं चोख गणित आहे. पाचवीत शून्यावर गेलेला माणूस डेथ सेव्ह (जीव वाचवण्याचा फासा) टाकत राहतो. एक्क्याऐंशीत शून्य म्हणजे मेला. नव्या सवयीने दार फोडून आत शिरणारी पार्टी जुन्या नियमांत तासाभरात संपणारच. तुमच्या तिघांच्या मरणाला ना पुस्तक जबाबदार ना तुमची आवड.

आता वाचनाबद्दल. तुम्ही लिहिलंय की सगळ्यात जास्त आनंद १९७९ च्या गाइडने दिला. मलाही. पण प्रामाणिक राहू या: ते पुस्तक वाचायचं आहे. लेखक गॅरी गायगॅक्सची ती भरधाव, पल्लेदार, अधूनमधून ओरडणारी भाषा; रत्नांचे गुणधर्म, राज्यपद्धतींची यादी, आपोआप भुयार तयार करणारे तक्ते, आणि शेवटी त्याने स्वतः काय काय वाचलं होतं त्याची परिशिष्टातली यादी. एखाद्या विक्षिप्त काकांच्या माळ्यावर दिवसभर उचकपाचक करावी तसं आहे ते. पण त्यातले इनिशिएटिव्हचे नियम दोन माणसं सारखे वाचत नाहीत आणि कुस्तीचे नियम मी आजवर कुणाला सरळ वापरताना पाहिलेले नाहीत. याउलट एक्क्याऐंशीची बेसिक आणि एक्स्पर्ट ही दोन पुस्तकं प्रत्येकी ६४ पानांची. टॉम मॉल्डवेने बेसिक इतकं नेमकं लिहिलंय की खेळताना पान शोधायला वेळ जात नाही. शेल्फवर गाइड ठेवा, टेबलावर बेसिक. दोन्ही प्रेमं खरी आहेत, फक्त त्यांची कामं वेगळी आहेत, आणि ही गल्लत झाली की माणूस गाइडमधले शस्त्रांच्या वेगाचे नियम घेऊन खेळाडूंसमोर बसतो. मीही बसलो होतो. दोन रविवार.

जुन्याचं प्रेम आंधळं असू नये म्हणून हेही सांगतो. १९७८ च्या प्लेयर्स हँडबुकमध्ये स्त्री पात्राच्या ताकदीला पुरुषापेक्षा कमी मर्यादा आहे. आज ते टेबलावर आणायचं काहीच कारण नाही, मी पहिल्या दिवसापासून खोडलं आहे. बेसिकमध्ये विष म्हणजे एक फासा आणि मरण. पहिल्या पातळीच्या फायटरला वीस-बाजूंच्या फाशावर १२ किंवा वर हवेत, म्हणजे शंभरात पंचेचाळीस वेळा वाचतो. पहिल्या पातळीच्या थीफला सापळा सापडण्याची शक्यता शंभरात दहा, ही तर थट्टाच. आणि आपल्यासाठी एक खास गंमत: १९७७ च्या मॉन्स्टर मॅन्युअलमध्ये 'राक्षस' आहे, डेव्ह ट्रॅम्पियरने काढलेला, वाघाचं तोंड, अंगात घरगुती कोट, हातात पाइप. क्लेरिकने (पुरोहित पात्राने) मंतरलेला क्रॉसबोचा बाण लागला की तो खल्लास. हे चित्र पाहून माझी आई पोट धरून हसली होती. १९८० च्या देवदेवतांच्या पुस्तकात मात्र आपल्या देवांना आर्मर क्लास (चिलखताचा आकडा) आणि हिट पॉइंट दिलेत. ते पान माझ्या ग्रुपात एकाला गमतीचं वाटलं, दुसऱ्याने पुस्तक शांतपणे मिटून ठेवलं. ते पुस्तक मी टेबलावर आणत नाही.

जुना खेळ तुमच्या ग्रुपला मानवेल का, हे मी इथे बसून सांगू शकत नाही. ते तुमच्या खेळाडूंना नेमकं काय आवडतं त्यावर आहे. आठवडाभर पात्र रचण्यात, त्याची पूर्वकथा लिहिण्यात आणि पुढच्या पातळीला काय मिळेल याची स्वप्नं बघण्यात ज्यांना रस आहे, त्यांना बेसिक कोरडं वाटणार. त्यात त्यांची चूक नाही, त्यांच्यासाठी पाचवी आवृत्ती खरंच चांगली आहे. दर वेळी वेगळी माणसं येत असतील, वेळ दोन-तीन तासच असेल, तर बेसिक नव्यापेक्षा सोयीचं. नवं पात्र दहा मिनिटांत उभं राहतं. पाचही जण वर्षानुवर्षं एकच मोठी कथा ओढत असतील तर ती मध्येच तोडून जुने नियम लादू नका. वेगळा वार ठेवा, वेगळा खेळ म्हणून. 'आता आपण जुनी आवृत्ती खेळू' असं म्हटलं की लोकांना वाटतं त्यांचं काहीतरी काढून घेतलंय. 'आज आपण भुयारातून चोरी करणार आहोत' असं म्हणा.

कुठली आवृत्ती? एक्क्याऐंशीची बेसिक, हेच माझं उत्तर. ग्रुपसाठी छापील प्रती हव्या असतील तर २०१९ मध्ये आलेलं 'ओल्ड-स्कूल इसेन्शियल्स' घ्या, नियम जवळजवळ तेच, मांडणी आणखी स्वच्छ, आणि उलट्या आर्मर क्लासने (आकडा जितका कमी तितका बचाव चांगला) गोंधळणाऱ्यांसाठी सुलट्याची सोय. पैसे घालायचे नसतील तर 'बेसिक फँटसी'ची पीडीएफ फुकट मिळते. १९८९ ची दुसरी आवृत्ती मी नियमांपेक्षा तिच्या काळात निघालेल्या दुनियांसाठी वाचतो. थॅकोला (शून्य आर्मर क्लासवर वार लागायला वीस-बाजूंच्या फाशावर हवा तो आकडा) मात्र घाबरू नका, ती फक्त वजाबाकी आहे: बेसिकमध्ये नवशिक्या फायटरला शून्य आर्मर क्लासला १९ लागतात, समोरच्याचा ५ असेल तर १४. आपल्याकडे भाजीवाल्यापाशी याहून अवघड हिशेब तोंडी होतात.

मूळ जुन्या प्रतींच्या नादाला लागायचं असेल तर दोन शब्द. एका ऑनलाइन विक्रेत्याकडून मी 'मूळ' म्हणून घेतलेला १९७७ चा निळा डबा आतून झेरॉक्स निघाला. तेव्हापासून मधल्या घडीचा, शिलाईच्या पिनांचा आणि शेवटच्या पानाचा फोटो मागितल्याशिवाय पैसे देत नाही. १९८५ चं अनअर्थ्ड आर्केना घेताना बांधणी पाहा, त्या पुस्तकाची पानं सुटण्याबद्दल ख्याती आहे. आणि पुण्याच्या पावसाळ्यात हे कागद ओल धरतात, कसर लागते. बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या आणि महिन्यातून एकदा कोरडी हवा. डबे भिंतीला टेकवून ठेवू नका, मागून ओल येते.

आता पुढच्या सेशनबद्दल, कारण तुम्हाला मुळात तेच हवं होतं. सहा सेशन एकही घरगुती नियम न घालता खेळा. फक्त एक मुभा घ्या, तीही पुस्तकातच दिलेली: पहिल्या पातळीला हिट पॉइंट १ किंवा २ आले तर पुन्हा टाकायचे. खेळ सुरू होण्याआधी सोन्याचा हिशेब सगळ्यांसमोर मोठ्याने करून दाखवा, दहा ऑर्क विरुद्ध एक थैली. ही माहिती लपवून ठेवण्यात काही मजा नाही. रिअ‍ॅक्शन आणि मोरालचे फासे पडद्यामागे नको, उघड्यावर टाका. समोरचा गॉब्लिन का पळाला हे खेळाडूंना दिसलं की ते पुढच्या वेळी त्याला पळवण्याचे मार्ग शोधतात. भाडोत्री माणसं घेऊ द्या. साधारण करिश्मा असला तरी चार जण ठेवता येतात, आणि एखाद्याचं पात्र मेलं की तो लगेच भाडोत्र्याची शीट ओढून खेळात राहतो, दीड तास मोबाइल बघत बसत नाही. मॅजिक-युजरला (जादूगाराला) एकच स्पेल मिळणार, तो स्लीप घ्या म्हणावं. दोन आठ-बाजूंच्या फाशांवर येतील तितक्या हिट डाइसचे (हे प्राण्यांच्या ताकदीचं माप) प्राणी गाढ झोपतात, त्यातून वाचायला फासाही नाही. दिवसातून एकदाच, पण त्या एका क्षणासाठी बाकीचे त्याला जपून नेतात.

भुयार स्वतः काढणार असाल तर तिसरा भाग खोल्या रिकाम्या ठेवा. माझी पहिली भुयारं लोकलच्या डब्यासारखी खच्चून भरलेली असायची. दबा धरायला, लपायला, पळायला जागाच नसायची. आणि आत जायच्या किमान दोन वाटा हव्यात. एकच दार असलं की खेळाडूंना निवडायला काही उरत नाही.

जो चिडून गेला त्याला फोन करा. त्या रात्री नियम अर्धे वापरले गेले हे त्याला सरळ सांगा, कारण ते खरं आहे, आणि पात्र त्याच्या चुकीने मेलं नव्हतं. परत आला तर त्याला पार्टीचा नकाशा काढायला द्या. पुस्तकात हे काम एका खेळाडूकडेच सोपवलेलं आहे. मिलिमीटरचा आलेख कागद नको, डोळे दुखतात. कोपऱ्यावरच्या स्टेशनरीत पहिलीच्या मुलांची चौकटीची गणिताची वही मिळते ती आणा. एक चौकट, दहा फूट.